पिराजीचं वाक्य

पिराजी तोलाईदाराच्या जिभेला हाड नव्हतं, हे कोल्हापूरच्या गुळाच्या अड्ड्यावर कुणीही सांगितलं असतं. पण त्याच्या गळ्यात काय ताकद होती ते मार्तंड टॉकीजच्या पिटात बसल्याशिवाय कळायचं नाही. सकाळभर तो काट्याशेजारी उभा राहून वजनं पुकारायचा. सौद्याच्या वेळी अड्ड्यावर काय कालवा असतो ते ज्यानं पाहिलंय त्यालाच माहीत. अडते ओरडतायत, व्यापारी गुळाची ढेप फोडून चाखतायत, गाडीवान बैलांना शिव्या घालतायत. त्या सगळ्यावरून पिराजीचा आकडा शेवटच्या गाडीपर्यंत पोचायचा. लांब, सपाट आणि शेवटाला वर चढणारी हाक. मऊ बोलणं त्याला ठाऊकच नव्हतं. त्यानं घरात बायकोकडं पाणी मागितलं तर शेजारणीही तांब्या उचलायच्या.

दुपारी अड्डा थंडावला की पिराजी हातपाय धुवायचा आणि तीनच्या खेळाला मार्तंड गाठायचा. मार्तंडचे मालक चन्नाप्पा. मूळचे निपाणीकडचे, घरात कानडी, गल्ल्यावर मराठी, आणि राग आला की दोन्ही. रस्त्यापलीकडं दुसरं टॉकीज उघडलं तेव्हा त्यांना ईर्षा चढली. त्यांनी मुंबईहून हे थोरले स्पीकर मागवले, पडद्यामागं उभे केले आणि मशीन चालवणाऱ्या इमामला ताकीद दिली, "इमाम, आवाजाचं बटण शेवटपातुर फिरवायचं. रस्त्यानं चाललेल्या मानसाच्या छातीत ढोल वाजला पायजे." इमाम पडला गरीब माणूस. त्यानं बटण फिरवलं ते फिरवलंच.

त्यात त्या दिवसांत, म्हणजे साठ सालानंतरच्या त्या आठ-दहा वर्षांत, सिनेमातल्या संगीतवाल्यांच्या अंगात काय संचारलं होतं देव जाणे. पडद्यावर लेकानं आईला "जेवलीस का" एवढं विचारलं तरी मागं व्हायोलिनांचा ताफा उठायचा. पाटील कट सांगायला लागला की झांजा, नायिका लाजायला लागली की सनया. गाणी कळायची, मारामारी कळायची. मधलं बोलणं नुसतं दिसायचं. पिटातली माणसं कानामागं हात धरून बसायची आणि वैतागून घरी जायची.

एका दुपारी पडद्यावर कोर्टाचा देखावा चालला होता. वकील हातवारे करून तळमळून काहीतरी मांडत होता आणि वाजंत्र्यांनी त्याच्या बोलण्याचा पार भुगा केला होता. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून अड्ड्यावरची ती हाक उठली, "सायेब, म्हस आमचीच हाय, दूध तेवढं ह्यो पितोय!" वकिलाचं तोंड त्याच वेळी मिटलं. न्यायाधीशानं मान डोलावली. पिटात जो हशा पिकला तो बाल्कनीत चढला, आणि बाल्कनीतून दारावरच्या माणसापर्यंत आला. पडद्यावरच्या खटल्याचं काय झालं ते कुणालाच कळलं नाही, आणि कुणाला त्याची खंतही वाटली नाही.

त्या दिवसापासून लोक तिकिटाच्या खिडकीवर सिनेमा कोणता लागलाय ते विचारीनासे झाले. "पिराजी आलाय न्हवं?" एवढंच विचारायचे. चन्नाप्पांनी त्याची तिसऱ्या रांगेतली कडेची खुर्ची कायमची राखून ठेवली. आवाज कमी करा म्हणून कटकट करणारी माणसंही आता गप्प बसून तोंडं हलायची वाट बघू लागली. पिराजीची छाती रुंदावली. पडद्यावर जितकं कुणी रडायचं तितकी त्याच्या जिभेला धार चढायची. आंधळा भिकारी दिसला की त्याला तो चष्मा देऊ करायचा. नवरा गेलेली बाई ऊर बडवायला लागली की तिला पुढच्या लग्नाची तारीख सांगायचा. हे बरं नव्हे असं एकालाही वाटलं नाही. वाटलं असलं तरी हसून झाल्यावर वाटलं असेल.

झुंबरबाई त्याच्याच गल्लीतली. चटणीच्या दिवसांत घरोघर जाऊन मिरच्या कांडायची, आणि एरवी स्टुडिओत गर्दीच्या देखाव्यात उभी राहायची. बाजारातली बाई, पाणवठ्यावरची बाई, प्रेतामागं चालणारी बाई. पडद्यावर तिची पाठच जास्त दिसायची. नवरा तरणाताठा गेला तेव्हा तिच्या पदरात दोन लेकरं होती. चार वर्षांची धोंडू आणि अंगावर पिणारा मुलगा. ते वर्ष इतकं वाईट गेलं की चूल पेटायची पंचाईत. शेवटी तिनं धोंडूला कुरुंदवाडला नणंदेच्या दारात नेऊन सोडलं. नणंदेला मूलबाळ नव्हतं. तिनं पोरगी घेतली, पण अट घातली. ही आता माझी. तू हिची आई हे ना कधी तुझ्या तोंडानं सांगायचं, ना कुणाच्या निरोपानं. तशी अंबाबाईची शपथ घातली. झुंबरबाईनं शपथ घेतली आणि मुलाला कडेवर घेऊन ती माघारी आली. तो मुलगाही पुढच्या साली गोवरानं गेला.

चार वर्षांच्या पोरीला काय कळतंय असं मोठी माणसं म्हणतात. धोंडूला सगळं कळलं होतं. आईनं भावाला कडेवर ठेवलं आणि आपल्याला उंबऱ्यावर ठेवलं, एवढं तिच्या डोळ्यांत पक्कं बसलं. पुढं लग्नाकार्यात गाठ पडली की ती झुंबरबाईला "मामी" म्हणायची आणि पाठ फिरवायची. तिचं लग्न कुरुंदवाडच्याच बाळासोशी झालं. घरचा ऊस, घरचं गुऱ्हाळ. सासरी तिनं आपली खरी आई कोण हे कधी काढलं नाही. नणंद मेली, पण शपथ काही मेली नाही. झुंबरबाई जळत राहिली.

आणि मग तिला मरायचं काम मिळालं. कुणा हौशी निर्मात्याचा सिनेमा होता. नायिकेची आई खाटेवर पडलेली, लेकीची वाट बघत प्राण सोडते, असा देखावा. ठरलेली नटी आली नाही, म्हणून गर्दीतल्या झुंबरबाईला खाटेवर झोपवलं. बोलायचं काय ते कागदावर नव्हतंच. दिग्दर्शक घाईत म्हणाला, "बाई, आईच्या मनातलं काहीबी बोल. दाराकडं हात कर आणि मर. वर संगीत टाकायचं हाय." झुंबरबाईनं आयुष्यात कीर्तनं ऐकली होती. बुवा बोलायला लागले की पेटीवाला हात आखडता घेतो, तबलजी थांबतो. इथंही तसंच असणार असं ती धरून चालली. सिनेमातली बाई बोलली तर शपथ मोडत नाही, हाही हिशेब तिनं तिथल्या तिथं मनात केला. दाराकडं हात केला आणि बारा वर्षं गिळलेलं सगळं ती बोलून गेली. दिवे धरणारा माणूससुद्धा डोळे पुसत होता म्हणतात.

सिनेमा मार्तंडला लागला तेव्हा तिनं सगळ्या गल्लीला बजावलं, "मी बोललीया त्यात. कान दिऊन ऐका." पहिल्या दिवशी तीनच्या खेळाला गल्ली लोटली. बायकांच्या बैठकीत झुंबरबाई ठेवणीतलं लुगडं नेसून पुढं बसली. खाट आली. झुंबरबाईचा चेहरा पडदाभर आला. तिचे ओठ हलायला लागले आणि त्याच क्षणी व्हायोलिनं, सनया, कसले कसले कर्णे असे काही उसळले की पडदाच थरथरला. एक अक्षर कळलं नाही. नुसतं तोंड उघडत होतं, मिटत होतं आणि एक हात पुढं आला होता.

पिराजीला आयतं ताट वाढून आलं. ही बाई मिरच्या कांडते हे सगळ्या पिटाला ठाऊक. त्यानं हाक सोडली, "तिखट नाकात गेलंय गं, पाणी आण की पाणी!"

असा हशा मार्तंडनं त्याआधी ऐकला नव्हता. लोकांनी खुर्च्या बडवल्या. पडद्यावर झुंबरबाईनं प्राण सोडला तेव्हा कुणीतरी ओरडलं, "पाणी उशिरा आलं!" बायकांच्या बैठकीत शेजारणी पदर तोंडात कोंबून हसत होत्या आणि झुंबरबाई त्यांच्या मधोमध ताठ बसून पडद्याकडं बघत होती. दुसऱ्या दिवशी ती नळावर गेली तर गल्लीतली पोरं मागून नाचत होती, "झुंबरे, पाणी आण!"

तरी ती बाई हरली नाही. ती आधी इमामकडं गेली. "भाऊ, माझ्या येळंला तेवढं बारीक कर की ते वाजाप." इमाम भला माणूस, त्यानं बटण खाली आणलं. पण वाजाप आणि बोलणं फिल्मच्या एकाच पट्टीवर बसलेलं. दोन्ही मिळूनच खाली गेलं. पिट खवळलं. "आवाज! आवाज!" म्हणून खुर्च्या वाजायला लागल्या. चन्नाप्पा धावत मशीनच्या खोलीत चढले आणि दोन्ही भाषांत इमामचा उद्धार करून म्हणाले, "पुन्ना हात लावलास तर मशीनला दुसरा मानूस बगतो." इमामनं झुंबरबाईपुढं हात जोडले.

मग ती गुळाच्या अड्ड्यावर पिराजीपुढं जाऊन उभी राहिली. तो हसतच म्हणाला, "काय मावशी, पाणी पायजे व्हय?" झुंबरबाई हसली नाही की रडली नाही. तिनं त्याला काट्याच्या आडोशाला नेलं आणि धोंडूची सगळी कथा सांगितली. कुणालाही न सांगितलेली. पिराजीचं हसू हळूहळू उतरलं.

"मावशी, मग मीच सांगतो की तिला. बाळासोचा गूळ माझ्याच काट्याव येतो."

"न्हाय बाबा. निरोप धाडायचा न्हाय, शपथ हाय. पर सिनेमातली बाई बोलली तर ते माझं बोलणं न्हवं. त्या वाजापावरनं जाईल असा गळा ह्या गावात तुझाच हाय. त्यांची गाडी आली की त्यास्नी घिऊन ये सिनेमाला. आन माझं तोंड हालंल तवा माझं खरं बोलणं म्हण. एवढंच कर. पुन्ना तुला काय मागायची न्हाय."

"काय म्हनायचं सांग."

ती इकडंतिकडं बघून हलक्या आवाजात म्हणाली, "पोरी, तुला टाकली न्हवती गं. भाकरी एकाचीच हुती. जिथं दोन हुत्या तिथं तुला धाडली."

पिराजीनं ते शब्द मनात घोकून घेतले. मग छातीवर हात मारून म्हणाला, "बघच तू मावशी. रस्त्यावर ऐकू जाईल." त्याच्या मनात त्या वेळी पाप नव्हतं, हे त्याच्या बाजूनं सांगायलाच हवं. त्यानं घरी सराव केला. भिंतीकडं तोंड करून तो ओरडायचा, "पोरी, तुला टाकली न्हवती गं!" बायको पीठ मळता मळता म्हणाली, "अवं, जरा हळू म्हना की. आई बोलतीया, काटा न्हवं."

"हळू म्हटलं तर ऐकू कसं जायचं?" पिराजी खेकसला. ते खरंच होतं.

सिनेमा उतरायच्या बेतात असताना बाळासोची गाडी आली. गूळ होता आणि घरच्या बायकाही होत्या. धोंडुबाई, तिच्या दोन जावा, सासू. अंबाबाईचं दर्शन घेऊन झालं होतं. पिराजीनं बाळासोला गाठलं. "पावणं, कोल्लापुरात येऊन मार्तंड न बघता जाता व्हय? चला, माझ्या वळखीनं बसवतो." बाळासो खूश झाला. पिराजीचं नाव कुरुंदवाडपर्यंत पोचलं होतंच. बायका बायकांच्या बैठकीत गेल्या. झुंबरबाई आधीच दाराजवळच्या अंधारात भिंतीला टेकून उभी होती.

पिट गच्च भरलेलं. खाटेचा देखावा आता सगळ्यांना पाठ झाला होता आणि पिराजी आज काय नवीन काढतोय म्हणून माणसं आधीपासूनच त्याच्याकडं माना वळवून बसली होती. काहीजण तर त्यानं तोंड उघडायच्या आधीच हसत होते. खाट आली. चेहरा आला. बायकांच्या बैठकीत धोंडुबाईचं अंग ताठरलं. तिनं ओळखलं होतं. वाजाप उसळलं, ओठ हलले, हात पुढं आला.

पिराजी उठून उभा राहिला. असा तो कधी राहत नसे. दोन्ही हात तोंडाशी धरून त्यानं सगळा जीव गळ्यात आणला.

"पोरी, तुला टाकली न्हवती गं! भाकरी एकाचीच हुतीऽऽ! जिथं दोन हुत्या तिथं तुला धाडलीऽऽ!"

शब्द न् शब्द स्पष्ट गेला. वाजाप फाडून गेला, बाल्कनीत गेला, रस्त्यावरही गेला असेल. पण त्याच्या गळ्याला एकच चाल ठाऊक होती. गुळाची वजनं पुकारायची, लांब, सपाट, शेवटाला वर चढणारी. त्याच चालीत भाकरी पुकारली गेली. एक भाकरी, दोन भाकरी, जणू काट्यावर चढवल्यात.

आणि मार्तंड टॉकीज फुटलं. पाण्याच्या वेळचा हशा ह्याच्यापुढं काहीच नव्हता. माणसं पोट धरून खुर्च्यांखाली वाकली. कुणीतरी ओरडलं, "पिराजी, पुन्ना!" शिट्ट्या झाल्या, टोप्या उडाल्या. "ऐका की रं! खरं हाय त्ये!" असं पिराजी ओरडत राहिला आणि त्यानंही लोक आणखी हसले. बाळासोनं तर शेजाऱ्याच्या पाठीवर थाप मारली, "ह्यो आमचा तोलाईदार!"

बायकांच्या बैठकीत सासू हसत होती, जावा एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. धोंडुबाई आधी हलली नाही. मग थोरल्या जावेनं तिच्याकडं बघितलं, ही का हसत नाही म्हणून. धोंडुबाईनं पदर तोंडाला लावला आणि ती हसायला लागली. लागली ती थांबेना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी थांबेना. जाऊ म्हणाली, "पुरं गं, मरशील हसून."

खेळ सुटला. झुंबरबाई बायकांच्या दारातच उभी होती. आपलं बोलणं पोरीच्या कानावर पडलं, एवढं तिला कळलं होतं, आणि बाकी सगळ्या हशातून ती एवढंच धरून उभी होती. धोंडुबाई जावांबरोबर बाहेर आली. दोघी समोरासमोर आल्या. झुंबरबाईचा हात उचलला गेला, पडद्यावर उचलला होता तसाच.

धाकटी जाऊ किंचाळली, "अगं बाई, सिनेमातली म्हातारी ती हीच की गं!"

धोंडुबाईनं आईकडं नीट बघितलं. मग जावेकडं वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, पिराजीच्याच चालीत म्हणाली, "व्हय की. भाकरी एकाचीच हुतीऽऽ!" आणि जावांना ओढत गाडीकडं निघून गेली. तिला उमगलं होतं की नव्हतं, ते तिचं तिलाच ठाऊक. उमगूनच म्हणाली, असं पिराजीची बायको पुढं मरेपर्यंत म्हणत राहिली.

झुंबरबाई त्यानंतर स्टुडिओत गेली नाही. कांडपाला जायची. गल्लीतली पोरं आता "पाणी आण" विसरली होती. "भाकरी एकाचीच हुती" म्हणत मागून पळायची. हे तिचं खरं बोलणं होतं, म्हणून तिला पोरांवर ओरडताही यायचं नाही. ओरडून सांगणार तरी काय होती? दोनेक वर्षांनी ती गेली. कुरुंदवाडला कळवलं होतं. कुणी आलं नाही.

पिराजी त्या दिवसानंतर मार्तंडला गेला नाही असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. गेला. खुर्ची राखून ठेवलेली होती, लोक वाट बघत होते. पण त्याचं आता फारसं काम उरलं नव्हतं. चन्नाप्पांचा आवाज तसाच होता, तोंडं तशीच मुकी हलत होती, आणि कुठलंही तोंड हललं की सगळं पिट एका गळ्यानं आपणच म्हणायचं, "भाकरी एकाचीच हुती!" नायक म्हणायचा, पाटील म्हणायचा, देवळातला पुजारी म्हणायचा. पिराजीला मधे तोंड घालायला जागाच मिळेना. काही महिन्यांनी तो दुपारचा घरीच झोपू लागला.

ते वाक्य टॉकीजमधून खानावळीत गेलं, खानावळीतून तालमीत, तालमीतून अड्ड्यावर. जास्तीची भाकरी मागितली की वाढणारा तेच म्हणायचा. झुंबरबाई कोण, खाट कसली, हे सगळे विसरले. मार्तंडही पुढं बंद पडलं. पिराजीचे केस पिकले. एका दुपारी सौदा आटोपून तो काट्यापाशी टेकला होता, तेव्हा कागलकडचा एक नवा गाडीवान शिदोरी सोडून बसला. त्यानं भाकरी मोडली, अर्धी पिराजीपुढं धरली आणि हसून म्हणाला, "घ्या आज्जा. न्हायतर म्हणाल, भाकरी एकाचीच हुती!"

शेजारचा हमाल म्हणाला, "अरं, कुणाला म्हणतोयस? ते वाक्य ह्यांचंच हाय. ह्यांनीच काढलं."

"व्हय? तुमचं?" गाडीवानानं कौतुकानं विचारलं.

पिराजीनं ती अर्धी भाकरी हातात घेतली. "न्हाय" म्हणायला त्यानं तोंड उघडलं. पलीकडं चहाच्या टपरीवर रेडिओ मोठ्यानं लागला होता. गाडीवानाला फक्त त्याचे ओठ हललेले दिसले, आणि तो पुन्हा हसायला लागला.